नागपूर–राजनांदगाव गाडीतलं पुस्तक

भिलाईजवळच्या रिसालीत बसून ख्रिस्ती धर्मप्रसारावर बोलायचं तर उदाहरण शोधायला लांब जायला नको. दुर्गहून नागपूरकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात राजनांदगावला लागते. १८९३ साली मराठी कवी नारायण वामन टिळक कामाच्या शोधात नागपूरहून तिथंच निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. कवितेवरून बोलणं धर्मावर आलं. त्यानं नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगितलं. डोंगरावरचं प्रवचन वाचताना टिळकांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या हकिगतीत त्या भाकिताचंच कौतुक फार होतं. मला मोठं वाटतं ते वेगळंच. पुस्तक देऊन तो माणूस आपल्या वाटेनं गेला; वाचायचं की नाही, हे टिळकांवर सोडलं.

निर्णय दुसऱ्यावर सोडण्याची हीच कसोटी पुढं टिळकांच्या घरात लागली, आणि ती फार कठीण होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. परत आल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं. चूल वेगळी, पाणी वेगळं. एका छपराखाली ख्रिस्ती नवरा आणि सोवळ्यातली बायको! टिळक स्वभावानं तापट, पण या बाबतीत त्यांनी सक्ती केली नाही. आधी बाईंच्या मनातून जातिभेद गेला, तोही स्वतः विचार करून, आणि बाप्तिस्मा त्यानंतर. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचा. मन वळणं म्हणजे काय, हे मराठीत इतक्या निर्मळपणे दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला माहीत नाही. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं, ते पुढं याच बाईंनी पुरं केलं.

आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. ख्रिस्ताची गोष्ट त्यांनी अभंगात, ओवीत आणि कीर्तनात आणली. ऐकणाऱ्याच्या घरातलं काही मोडून टाकावं लागलं नाही. तरुण कवी बालकवी नगरला त्यांच्याकडे राहिले ते पोटच्या पोरासारखे, आणि हिंदूच राहिले.

आज आपल्याकडे धर्मांतरावरून हवा तापलेली आहे. १९६८चा मध्य प्रदेशचा धर्मस्वातंत्र्य कायदा छत्तीसगडकडे वारशानं आला. त्यावरचा स्टॅनिस्लॉस खटला रायपूर भागातलाच. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यात सांगितलं की धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही. जुलै २०२५मध्ये दुर्ग स्टेशनवर दोन नन्सना अटक झाली, आठवडाभरानं जामीन मिळाला. असं काही घडलं की दोन्हीकडची माणसं एकमेकांशी बोलायचीच थांबतात.

म्हणून माझ्या ख्रिस्ती बांधवांना कळकळीनं सांगतो: शेजाऱ्याच्या देवाला नावं ठेवून येशूची थोरवी सांगू नका. आजारपणात, कर्जात अडकलेल्या माणसाला मदत करा, पण त्या मदतीला अट चिकटवू नका. त्यानं ‘नको’ म्हटलं तरी उद्या त्याच्या दारी त्याच मायेनं जा. आणि हिंदू मित्रांना विनंती: कुणी आपली श्रद्धा मोकळेपणानं सांगत असेल, तर त्याचं पुरतं ऐकून घ्या. न पटल्यास तोंडावर सांगा, पोलीस कशाला?

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. तिथं बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही. दोनच वर्षांनी ते गेले. ते काम अर्धंच राहिलं आहे, आणि दोन्हीकडचे लोक जिथं एकाच मोहल्ल्यात राहतात अशा भिलाईसारख्या गावात ते पुढं नेता येईल, असं मला मनापासून वाटतं.