देव जेवलो काय?

मायबाप हो, जरा पुढे सरकून बसा. पोरं पुढे येऊन बसली आहेत, त्यांना उठवू नका. आजचं निरूपण त्यांचंच आहे.

हे पिंगुळी गाव. राऊळ महाराजांचा मठ इथला, आणि ठाकर मंडळींची चित्रकथीही इथलीच. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी. एकेक चित्र पुढे धरायचं आणि रामायणाची कथा गाऊन सांगायची. मोठा माणूस त्यात रंग बघतो, रेघ बघतो. पोर काय बघतं? सीतामाई एकटी बसली आहे, हे बघतं. आणि विचारतं, "तिका जेवूक कोण घालता?" पंडिताला हा प्रश्न सुचायचा नाही हो!

नामदेवरायांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. असू दे, कीर्तनात ठाऊक असलेलीच गोष्ट सांगायची असते. वडील दामाशेटी परगावी गेलेले. आई गोणाईने नैवेद्याचं ताट पोराच्या हाती दिलं, देवाला जेवू घालून ये म्हणाली. आपण "नैवेद्य दाखव" म्हणतो. दाखवतो, झाकतो आणि आपणच जेवतो. या पोराला दाखवणं ठाऊकच नव्हतं. देव जेवेना, तेव्हा रडू लागला. माझं काही चुकलं का, आई मला काय म्हणेल, तू उपाशी कसा राहशील? हट्टाला पेटला, पायरीवर डोकं आपटायला निघाला. तेव्हा विठ्ठल जेवला.

देव जेवला, तिथे आपण टाळ्या वाजवतो. मला पुढचं अधिक आवडतं. पोर रिकामं ताट घेऊन घरी आलं. आईला खरं वाटेना. मायबाप हो, तुमच्या घरी असं झालं तर? "मेल्या, तूच खाल्लंस," म्हणून पाठीत धपाटा बसेल की नाही? खरं सांगा! दामाशेटी परत आले, त्यांनी छडी शोधली नाही. पोराबरोबर गेले, पाहिलं. मोठ्या माणसाने पोराच्या मागून जाणं सोपं नाही.

हाच नामदेव पुढे कुत्र्याने पोळी पळवली तर तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावला. विठ्ठल उपाशी राहील म्हणून रडणारं पोर मोठं झालं, तरी ते रडणं काही आटलं नाही, इतकंच.

आता आपल्याकडची एक गोष्ट. चवथीच्या दिवशी एका घरी आरतीला मी होतो. वर माटवी बांधलेली, गणपतीपुढे मोदकांचं पान वाढलेलं. त्या घरचा पाच वर्षांचा नातू पानावरचा एक मोदक उचलून बाहेर खळ्यात गेला. तिथे कामाला आलेल्या बाईचं पोर बसलं होतं, त्याच्या हातावर मोदक ठेवून आला. घरात एकच गलका! नैवेद्य उष्टा झाला! बापाने हात उगारला. "देवाक दाखवच्या आदी दिलंस?"

पोर घाबरलं, पण बोललं. "दाखवूक कित्याक व्हया? देव थयसूनच बघी होतो."

पैठणला नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक दरवळला, वाटेवरची भुकेली माणसं थांबली, आणि नाथांनी ब्राह्मणांच्या आधी त्यांना वाढलं. त्यावर केवढं वादळ उठलं! ते एकनाथ महाराज होते, म्हणून आपण त्याला पुण्य म्हणतो. घरचं पोर करतं तेव्हा?

घरची आजी माझ्याकडे बघू लागली. "बुवा, आता काय करूया? पान बदलूया?"

मी म्हटलं, "आजये, पान राहू दे. त्याच पानावर आणखी एक मोदक वाढ. आणि त्या खळ्यातल्या पोराला आत बोलाव, आरतीला टाळ वाजवायला कोणीतरी हवंच आहे."

बाप कपाळाला आठ्या घालून उभा राहिला. आजी मात्र उठली, स्वतः खळ्यात गेली.

म्हणा, विठोबा रखुमाई!