गोधडीची जमीन जुळत नाही तेव्हा

आम्ही मुंबईच्या दिंडोशीतून बोलतोय, गोरेगाव-मालाडच्या पूर्वेकडून. आमचा बारा जणींचा बचत गट आहे. दुपारची कामं उरकली की आम्ही गोधड्या शिवायला बसतो. कुणी साताऱ्याकडच्या, कुणी कोकणातल्या, एक काकू विजापूरकडच्या. म्हणून आमच्याकडे एकाच वस्तूला तीन नावं चालतात: गोधडी, वाकळ आणि कौदी.

आज बोलायचंय ते गोधडीच्या जमिनीबद्दल. आपण म्हणतो ना, पांढऱ्या जमिनीवर लाल फुलं, तीच ही जमीन. ज्या कापडावर आपण रंगीत तुकडे बसवतो ते कापड. घरच्या गोधडीत हा प्रश्न फारसा येत नाही. आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, जे हाताला लागेल ते घेतलं जातं. पण गोधडी विकायची म्हटलं की गिऱ्हाईक पहिल्यांदा जमिनीकडे बघतं. इथं पांढरं आणि तिथं पिवळट का, असं विचारतं.

आमच्याकडे चार गोधड्यांची मागणी आली होती, प्रत्येकी 60 बाय 90 इंच. जमीन सायीच्या रंगाच्या मांजरपाटाची ठरली. तीन गोधड्या झाल्या आणि चौथीच्या मध्यावर तागा संपला. दुकानातून पुन्हा कापड आणलं. नाव तेच, भाव तोच, पण नव्या ताग्यातलं कापड निळसर पांढरं निघालं. माल द्यायला आठ दिवस उरले होते. एक जण म्हणाली, नवं कापड पायथ्याशी लावू, तिथं कोण बघतंय? दुसरी म्हणाली, सगळं उसवून नव्यानं करू. विजापूरच्या काकू म्हणाल्या, आधी दोन्ही कापडं धुऊन बघा, रंगाचं नंतर बोलू.

काकूंचं ऐकलं ते बरं झालं. कारण न जुळणं दोन प्रकारचं असतं. एक डोळ्यांना दिसणारं, म्हणजे रंगाचं. दुसरं कापडाच्या स्वभावाचं. रंगाचं सांभाळून घेता येतं. स्वभावाचं मात्र पहिल्या धुण्यातच बाहेर पडतं, आणि तेव्हा गोधडी आपल्या हातात नसते, गिऱ्हाइकाच्या घरी असते.

म्हणून आधी स्वभाव तपासायचा. तीन गोष्टी बघायच्या.

पहिली गोष्ट, कापड किती आटतं. प्रत्येक कापडाचा 10 इंचांचा चौकोन कापा. गरम पाण्यात धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. साडेनऊ इंच भरला, तर 60 इंचांच्या गोधडीत ते कापड 3 इंच आटणार. शेजारचं कापड आटलं नाही, तर त्या जोडावर चुण्या पडणार. उपाय सोपा आहे. कोरं कापड खळ निघेपर्यंत धुऊन, वाळवून मगच कापायचं. जुनी साडी आधीच आटलेली असते, नवं कापड तसं नसतं.

दुसरी गोष्ट, कापड सुती आहे का. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख होते. पॉलिस्टरचा धागा वितळतो आणि त्याचा कडक मणी बनतो. पॉलिस्टर वाईट असतं असं नाही, पण सुती जमिनीत मधेच पॉलिस्टरचा पट्टा घातला तर तो आटत नाही, घाम शोषत नाही आणि वेगळाच चमकतो. पॉलिस्टरचे तुकडे बाजूला ठेवा. त्यांच्या पिशव्या होतात.

तिसरी गोष्ट, जुन्याला नव्याचा ताण. विरलेल्या लुगड्याला कोरं दणकट कापड थेट जोडलं तर टाक्याजवळ जुनंच फाटतं. अशा वेळी विरलेल्या कापडाखाली धडक्या सुती कापडाचा आणखी एक थर द्या आणि दोन्ही मिळून एक कापड समजा. तलम आणि जाड कापड शेजारी आलं, तरी हाच उपाय करायचा.

रंगीत तुकड्यांचाही रंग आत्ताच बघून घ्या. ओल्या पांढऱ्या फडक्यानं चोळा. फडकं रंगलं, तर तो तुकडा पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळा धुवा.

आमच्या दोन्ही मांजरपाटांचा स्वभाव जुळला. उरला रंग. आता त्याचं काय करायचं ते ऐका.

वेगळं कापड एकाच कोपऱ्यात दिसलं की ती चूक वाटते. तेच चार ठिकाणी दिसलं की ती रचना वाटते. म्हणून नवं कापड पायथ्याशी लपवायचं नाही. दोन्ही कापडांचे चौकोन कापायचे आणि आलटून पालटून सगळीकडे मांडायचे. नवं कापड थोडंच असेल, तर त्याची चारही बाजूंना सारखी किनार लावायची.

दुसरा उपाय म्हणजे मधे बांध घालायचा. दोन पांढरे अंगाला अंग लावून ठेवले की डोळा लगेच तुलना करतो. मधे जुन्या साडीच्या काठाची दोन इंची पट्टी आली की तो फरक जवळजवळ दिसेनासा होतो.

तिसरा उपाय चहाचा. पांढरं सुती कापड गाळलेल्या कोऱ्या चहाच्या पाण्यात बुडवलं की सायीच्या रंगाकडे येतं. पण सगळं कापड एकदम, एकाच भांड्यात, आधी ओलं करून बुडवायचं, नाहीतर डाग पडतात. हा रंग धुण्यानं हळूहळू उतरतो. म्हणून घरच्या गोधडीला चालेल, विकायच्या गोधडीला आम्ही वापरत नाही.

आणि टाका सगळीकडे एकाच रंगाच्या दोऱ्याचा घाला. या कडेपासून त्या कडेपर्यंत धावदोरा अखंड गेला की वेगवेगळी कापडं एकत्र बांधली जातात.

मांडणी करताना कच्चा दोरा घालण्याआधी सगळं जमिनीवर पसरा आणि दिवसाच्या उजेडात दहा पावलं मागं जाऊन बघा. मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढलात, तर कुठला तुकडा उठून दिसतोय ते लगेच कळतं.

मैत्रिणींनो, हे शहाणपण आपल्याकडे जुनंच आहे. लुगडं मधे विरलं की आपल्या आज्या विरलेला भाग काढून टाकत आणि दोन लुगड्यांचे धडके भाग जोडत. त्याला दंड घालणं म्हणायचे. रंग वेगळे असायचे, जोड दिसायचा, पण लुगडं आणखी काही काळ नेसता यायचं. शेजारी कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागात सिद्दी बायका राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्या गोधडी कडेपासून सुरू करून आत आत शिवत जातात आणि जमीन तुकड्यांनी पूर्ण झाकून टाकतात. शेवटी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात. जमीन अगदीच जुळत नसेल, तर ही रीत घ्यावी.

आणि दूर अमेरिकेत, अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या काळ्या बायका शेतात कामाला जाणाऱ्यांच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. विटलेल्या विजारीचा खिसा काढला की तिथं मूळचा गडद रंग दिसतो. तोही त्यांनी तसाच ठेवला. 2002 साली त्या गोधड्यांचं मोठं प्रदर्शन ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भरलं आणि 2006 साली अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांवर तिकिटं काढली.

आता व्यवहाराचं बोलू. आम्ही आलटून पालटून चौकोनांची मांडणी केली, पण टाका घालण्याआधी गिऱ्हाईक ताईंना फोटो पाठवला. दोन ताग्यांचा फरक सरळ सांगितला. न सांगता माल दिला आणि परत आला, तर कापड, मेहनत आणि शब्द, तिन्ही जातात. ताईंनी मांडणी मान्य केली, म्हणाल्या ही गोधडी वेगळी ओळखू येईल. प्रत्येक गिऱ्हाईक असं म्हणेलच असं नाही. नाही म्हणालं, तर मुदत वाढवून मागता येते. तेही आधी विचारलं तरच.

चौथ्या गोधडीला दोन दिवस जास्त लागले. ते दोन दिवस कुणाच्या पदरचे? बैठकीत हा प्रश्न निघाला. जी बाई ती गोधडी शिवत होती तिची मजुरी कापायची नाही, असं आम्ही ठरवलं. तागा तिनं संपवला नव्हता. जादा मजुरी गटाच्या नफ्यातून दिली आणि वहीत तसं लिहिलं. तेव्हापासून मागणी घेतानाच आम्ही दोन गोष्टी करतो. लागणारं सगळं कापड एकाच ताग्यातून एकदम घेतो, वर पाऊण मीटर जास्तच. आणि मागणीच्या कागदावर लिहितो की हाताच्या कामात रंगाचा थोडा फरक राहील.

येत्या बैठकीत तुम्ही सगळ्या जणी घरातलं एकेक पांढरं कापड घेऊन या. शेजारी शेजारी ठेवून बघा, दोन पांढरे सारखे निघणं अवघडच. मग 10 इंचांचे चौकोन कापा, धुवा, मोजा आणि आकडे वहीत लिहून ठेवा. पुढची मागणी आली की ती वही उघडा.