नाडीचा काच
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी अभंग म्हणते, कोणी एखादा पदार्थ करून दाखवते. मला चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही शिवण करता, तर त्यावरच चार शब्द बोला." माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. मोठमोठे बोलणे मला जमायचे नाही. पण घरचे आणि शेजारचे कपडे शिवता शिवता एक विषय बरेच दिवस मनात घोळतो आहे, तो आज तुमच्यापुढे मांडते. पुरुषमंडळी बाहेर चहाचे बघत आहेत, तेव्हा संकोचाचे कारण नाही.

विषय आहे आतल्या कपड्यांच्या बांधणीचा. परकराची नाडी, लुगड्याची गाठ, बॉडीचे हूक, चड्डीचे इलॅस्टिक. साडी घेताना आपण काठ पाहतो, पदर पाहतो, मुरबाडच्या बाजारात चार दुकाने हिंडतो. पण जे पहाटेपासून रात्रीपर्यंत अंगाला चिकटून असते, ते नीट बांधले आहे की नाही, याची चौकशी कोणी करीत नाही.

रात्री परकराची नाडी सैल केली की कमरेवर करकोचा दिसतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात तेथे घामाने आग होते, खाज सुटते. पुढे ती जागा काळी पडते, राठ होते. आमच्या सासूबाईंच्या कमरेला तर दोरी ओढून विहिरीच्या काठाला पडतो तसा खाचा पडला होता. विचारले तर म्हणायच्या, "बाईच्या जातीला हे असायचेच." सासरचा काच जसा मुकाट सोसायचा, तसाच नाडीचाही सोसायचा, अशी आपली समजूत.

परंतु हे असायचेच असे नाही, आणि नेहमी साधेही नसते. २०२४ सालच्या नोव्हेंबरात वर्ध्याच्या आणि बिहारमधील मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन बायकांची हकीकत एका वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध केली. आपल्या मराठी वर्तमानपत्रांतूनही ती आली होती. एक बाई सत्तर वर्षांची. परकर घट्ट बांधण्याची सवय. तिच्या उजव्या कुशीवर जखम झाली ती अठरा महिने भरेना. दुसरी बाई साठी उलटून गेलेली. ती परकर न घालता लुगडे कमरेला करकचून बांधीत असे, तेही चाळीस वर्षे. तिचीही जखम दोन वर्षे तशीच. तपासणीत दोघींनाही कातडीचा कर्करोग निघाला. एकाच जागी वर्षानुवर्षे दाब आणि घासणे चालले की कातडी पातळ होते, जखम होते, ती भरते न भरते तोच पुन्हा घासते, आणि अशा जुनाट जखमेत क्वचित हा रोग उद्भवतो.

ही गोष्ट काही आजच कळली असे नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ सालीच घट्ट धोतराने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाबद्दल लिहून ठेवले होते. म्हणजे हा काच पुरुषांनाही चुकलेला नव्हता. भगिनींनो, हे मी भिववण्यासाठी सांगत नाही. हा रोग फार विरळा आहे. पण लाखांत एकीला का होईना, जे नाडी सैल केल्याने टळते, ते टाळू नये काय?

आता मुळाशी जाऊ. आपण नाडी इतकी आवळतो कशासाठी? हौस म्हणून नव्हे. सुटेल ही धास्ती! आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून उभे राहायचे, डोक्यावर मोळी घेऊन चढ चढायचा, एस.टी.च्या गर्दीत दांड्याला धरून उभे राहायचे. अशा वेळी साडी घसरली तर? मागे एकदा बांधावर मी शेजारच्या काकूंना म्हटले, "काकू, नाडी थोडी सैल करा, वळ उठलाय." त्या म्हणाल्या, "पोरी, वळ कोण बघतो? परकर सुटला तर सगळं शिवार बघेल!" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तेव्हा नुसते "सैल बांधा" असे सांगून भागत नाही. आपोआप सुटणार नाही अशी बांधणी हाती आली, तरच बाई सैल बांधील.

घट्टपणा म्हणजे खात्री नव्हे. गुळगुळीत नायलॉनची नाडी कितीही आवळली तरी तिची गाठ सरकते. सुती नाडीची गाठ उलट भिजली की फुगून अशी बसते की घाईच्या वेळी दाताने सोडवण्याची पाळी येते. म्हणजे एक नको तेव्हा सुटते, आणि दुसरी हवी तेव्हा सुटत नाही.

यावरचा उपाय आपल्या डोक्यावरच आहे. हंडा घेताना आपण चुंबळ घेतो. चुंबळीने हंडा हलका होत नाही, पण भार पसरतो म्हणून टाळू दुखत नाही. तोच न्याय कमरेला लावावा. नाडीची रुंदी साधारण पाव इंच. तिच्याऐवजी दोन इंचांचा पट्टा लावला, तर जागा आठपट झाली. ओढ तेवढीच ठेवली तरी दाब आठव्या हिश्श्यावर आला. शिवाय मांजरपाटासारखे जाडेभरडे सुती कापड घेतले तर ते अंगावरून सरकत नाही. साटिनचे सरकते, म्हणून ते आवळावे लागते.

पट्टा मी असा करते. प्रथम माप. शिंपी आपले माप उभ्याने घेतो, आणि आपला निम्मा दिवस चुलीपुढे, भांड्यांपुढे नाहीतर शेतात बसून आणि वाकून जातो. बसले की कमर वाढते. म्हणून जेवण झाल्यावर, उकिडवे बसून माप घ्यावे, आणि फितीखाली दोन बोटे सहज जावीत. त्या मापापेक्षा चार इंच लांब आणि पाच इंच रुंद अशी कापडाची पट्टी कापावी. शिलाई धरून दुहेरी घडी केली की दोन इंचांचा पट्टा तयार होतो. नेफा काढून परकराच्या चुण्या या पट्ट्यात बसवाव्या, आणि डाव्या कुशीला सहा-सात इंचांची उघडी चीर ठेवावी.

त्या जागी पुरुषांच्या पँटला असतात तसे दोन चपटे हूक, एकाखाली एक, लावावे. हा हूक जितका ओढला जाईल तितका फाशात पक्का बसतो. मुद्दाम सैल करून बाजूला सरकवल्याशिवाय तो निघत नाही. टिचबटणाचे तसे नाही. ओढ बसली की ते टचकन उघडते, म्हणून कमरेला ते कामाचे नाही. फाशांच्या दोन ओळी दीड इंचाच्या अंतराने कराव्या, म्हणजे उपासाच्या दिवशी एक आणि सणाच्या जेवणानंतर दुसरी! हुकामागे कापडाची एक पट्टी जरूर शिवावी. घामाने हूक गंजतो, आणि काहींच्या अंगाला निकेल धातूने खाज येते.

ज्यांना नाडी सोडवत नाही, त्यांनी निदान रुंद, विणलेली सुती नाडी घ्यावी आणि गाठ रोज एकाच कुशीला मारू नये. नऊवारी लुगडे नेसणाऱ्या आत्या-मावश्यांनी आतून सैल परकर किंवा सुती चड्डी घालावी, म्हणजे गाठ कातडीवर न बसता कापडावर बसेल. डॉक्टरांचाही सल्ला हाच आहे.

इलॅस्टिकबद्दल थोडे. बारीक इलॅस्टिक नाडीसारखेच काचते, म्हणून एक इंचाचे घ्यावे, कमरेपेक्षा दोन-तीन इंचच कमी कापावे आणि नेफ्यात घालावे. कडक उन्हात आणि उकळत्या पाण्यात रबर मरते, तेव्हा असे कपडे सावलीत वाळवावे. लहान मुलांच्या पोटावर वळ दिसला की चड्डी बदलावी. मूल बोलून दाखवीत नाही.

आता बॉडीकडे येते. आपल्या आज्या-पणज्या गाठीची चोळी घालीत. तिला ना हूक, ना बटण. समोर दोन टोकांची गाठ मारली की झाले. दिवस राहिले, मूल अंगावर पिऊ लागले, अंग उतरले, तरी तीच चोळी गाठ पुढेमागे करून पुरत असे. मोठा गुण तिच्यात हा की ती अंगाप्रमाणे बदले. हीच युक्ती अमेरिकेतील नामांकित लेखक मार्क ट्वेन यांना सुचली होती. कपड्याला कमीजास्त करता येईल अशा काढघालीच्या पट्ट्याचे पेटंट त्यांनी १८७१ साली घेतले. हे गृहस्थ १८९६ साली मुंबईसही येऊन गेले. तात्पर्य, बॉडी घेताना हुकांच्या दोन-तीन ओळींची घ्यावी. नवी असताना सर्वांत सैल ओळीत लावावी, आणि धुऊन धुऊन ताणली की आतल्या ओळीत यावे. धुताना हूक लावून धुतले तर वाकत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या मुलींना, आणि ज्यांचा हात मागे पोचत नाही अशा वयस्कर बायांना, पुढून उघडणारी बॉडी शिवून द्यावी. बोटे आखडली असतील तर मोठी बटणे आणि आडवी काजे करावी.

सेफ्टी पिन ही आपली सखीच, बांगडीत सदा अडकवलेली. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकनाने १८४९ साली ती काढली आणि हक्क चारशे डॉलरला विकून टाकला. तो पैशाला मुकला, पण बायकांची सोय झाली! तरीही पिन ही अडचणीपुरती. तुटलेल्या हुकाच्या जागी महिनोन् महिने पिन लावून राबणे बरे नव्हे. वाकताना ती उघडते आणि नेमकी अंगात शिरते.

शेवटी एवढेच सांगते. कमरेवर किंवा बॉडीच्या पट्ट्याखाली काळा डाग, पांढरा चट्टा, राठ कातडी दिसली तर प्रथम बांधणी सैल करा. जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर हळद लावून झाकून ठेवू नका. मुरबाडच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. एकटीला लाज वाटत असेल तर आशाताईंना सांगा, नाहीतर मला हाक मारा, मी बरोबर येईन. आणि घरी गेल्यावर आपल्या सासूला, आईला एकदा विचारा, "कमरेला काही होतंय का?" आपण विचारल्याशिवाय त्या सांगायच्या नाहीत.

येत्या महिन्यात एका दुपारी मशीन घेऊन आपण येथेच बसू. प्रत्येकीने एक जुना परकर आणि पाव मीटर मांजरपाट आणावे. कापड कमी अरुंद निघाले तर पट्टीला जोड द्यावा लागेल, तो मी देईन. हूक मी आणते. तासाभरात पट्टा लावून होईल. तो परकर घालून आवणीला उभ्या राहा, आणि मग मला सांगा.