पदर उलटून पाहा



गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या लग्नात, सीमांतपूजनाच्या गडबडीत, तिचा पदर हातातल्या तोड्याला अडकला. सोडवायला गेले तर जरीचा वीतभर धागा ओढून बाहेर आला. पदर उलटून पाहिला आणि काळजात चर्र झालं. पुढून मोर डौलात उभे आणि मागे नुसता धाग्यांचा गुंता. बहिणीनं भिशीच्या पैशांतून घेतलेली ती साडी, ‘येवल्याची अस्सल हातमागाची पैठणी’ म्हणून. दुकानात आम्ही चौघीजणी होतो. रंग पाहिला, काठ पाहिले, अंगावर टाकून आरशात पाहिली. उलटून पाहायचं एकीलाही सुचलं नाही.

पारंपरिक पैठणीचा पदर विणताना प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते. मोराच्या मानेचा निळा धागा मानेपुरताच जातो, कडेला शेजारच्या धाग्यात गुंतवला जातो आणि तिथूनच माघारी वळतो. हे सगळं विणकर हातानं करतो, ओळीमागून ओळ. म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि मागे मोकळा धागा राहत नाही. भरगच्च पदराच्या साडीला कित्येक महिने लागतात ते यामुळेच. यंत्रमागावर नक्षीचा धागा सलग धावतो. लागेल तिथे वर येतो, एरवी मागे लोंबत राहतो किंवा कापून टाकलेला असतो. डोळे मिटून मागून हात फिरवलात तरी खरखर कळेल.

यंत्रमागाची साडी वाईट, असं मी मुळीच म्हणत नाही. काठपदराची हौस प्रत्येकीला असते आणि प्रत्येकीची ऐपत सारखी नसते. ‘सेमी पैठणी’ असं स्पष्ट सांगून, त्याच भावात दिलेल्या साडीत खोट काही नाही. फसवणूक होते ती तिला हातमागाचं नाव आणि हातमागाचा भाव लावला की. त्यात गिऱ्हाईक तर बुडतंच, पण मागावर महिनोन्‌महिने बसलेल्या विणकराच्या कष्टाची किंमतही पडते. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्याच्यासाठी.

खुणांच्या बाबतीत शिकलेसवरलेलेही चुकतात. ‘सिल्क मार्क’ची चिठ्ठी सांगते की रेशीम शुद्ध आहे, एवढंच. साडी हातमागाची की यंत्राची, हे ती सांगत नाही. त्यासाठी ‘हँडलूम मार्क’ ही वेगळी खूण २००६ पासून आहे. दुकानदार पहिली चिठ्ठी दाखवून दुसऱ्या गोष्टीची खात्री देऊ लागला, तर तिथेच थांबा.

रेशमाचीच शंका असेल तर उभा एक आणि आडवा एक असे दोन सुटे धागे जाळून पाहा. दोन्ही हवेत, कारण ताणा रेशमाचा आणि बाणा पॉलिस्टरचा असू शकतो. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.

आणि पावती. ‘शुद्ध रेशीम, हातमाग, पैठणी’ हे शब्द तिच्यावर लिहून मागा. माल खरा असेल तर लिहून द्यायला कुणाचं काही जात नाही. पुढे फसवणूक लक्षात आली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवा. तेवढ्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर शुल्कही पडत नाही. पण तिथे तोंडी बोलण्यापेक्षा कागदाला वजन असतं.

लग्नानंतर बहिणीनं कपाटातून पावती शोधून काढली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘साडी, नग १’.