खाडीचे पाणी ओळखा, खारजमीन राखा
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अलिबाग, पेण भागातील खारभूमीचा शेतकरी खाडीला चांगला ओळखतो. उधाण केव्हा येणार, उघाडी केव्हा टाकायची, हे आपणास कोणी शिकवायला नको. परंतु त्या पाण्यात आणि गाळात काय घडामोडी चालतात हे समजले, तर बांधाची आणि भाताची काळजी अधिक नेमकेपणाने घेता येईल. म्हणून आज मी खाडीविषयीच चार गोष्टी सांगणार आहे. उदाहरण धरमतरच्या खाडीचे घेऊ. सह्याद्रीतून उतरलेली अंबा नदी नागोठण्यावरून येऊन या खाडीला मिळते आणि समोरून समुद्राची भरती आत चढते.

पाण्याची ये-जा

एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे 12 तास 25 मिनिटे जातात. त्यामुळे भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. आपल्या जुन्या माणसांचा हिशेब यावरच आहे. तिथीला पाऊण तासाने गुणले की मुंबईच्या किनाऱ्यावरील पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, तर अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. खाडीत जितके आत जावे तितकी ती उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ती ओढ विभागते, म्हणून भांगाची भरती लहान असते.

धोका असतो तो उधाण आणि अतिवृष्टी एकत्र येण्याचा. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत महापूर आला, त्याच दिवशी समुद्राला सुमारे साडेचार मीटरची भरती होती. पावसाचे पाणी बाहेर पडायला वाट राहिली नाही. आपल्या बांधावरही असेच घडते. आत पावसाचे पाणी तुंबते, बाहेरून भरती दाबते आणि मध्ये मातीचा बांध भिजून मऊ होतो.

दुसरी गोष्ट. खारे पाणी गोड्यापेक्षा जड असते. पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी खाडीत वरून वाहते आणि खारे पाणी तळाने आत सरकते. वरचे पाणी ओंजळीत घेऊन चव पाहिली तर फसगत होते. आपली उघाडी मात्र तळाशी असते. तिची झडप गळत असेल तर शेतात शिरते ते तळाचे खारे पाणी. पाण्याचा नमुना घ्यायचा झाल्यास बाटली तळापर्यंत नेऊन तेथेच भरावी. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह आटला की हा फरकही राहत नाही. खाडीचे पाणी तेव्हा जवळजवळ समुद्राइतके खारे होते.

मीठ आणि माती

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. एक गुंठा म्हणजे साधारण 100 चौरस मीटर. त्यावर 10 सेंटिमीटर समुद्राचे पाणी साचले तर ते 10,000 लिटर होते आणि त्यात साडेतीन क्विंटल मीठ असते. पाणी लगेच परत गेले तर त्यातील बरेचसे मीठ जाते. साचून मुरले तर ते मातीत उरते. म्हणून बांधाला खांड पडल्यावर पहिल्या काही दिवसांतील धावपळ ही पुढच्या दोन-तीन वर्षांच्या पिकासाठी असते.

घरी एक प्रयोग करून पाहा. दोन ग्लासांत गढूळ पाणी घ्या आणि एकात चमचाभर मीठ टाका. मिठाचे पाणी आधी निवळते. चिकणमातीचे बारीक कण एकमेकांना दूर लोटतात. मिठाने ती शक्ती कमी झाली की कणांचे पुंजके बनतात आणि तळाला बसतात. नदीचा गाळ खाडीत येऊन बसतो त्याचे हे एक मोठे कारण आहे.

याची दुसरी बाजू शेतात दिसते. पावसाने वरचे क्षार धुऊन गेले तरी सोडियम चिकणमातीला धरून राहू शकतो. मग कण सुटे होतात, माती घट्ट होते आणि पाणी मुरत नाही. यासाठी शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचे खत यांचा आधार द्यावा. जिप्सम मात्र मातीपरीक्षणात गरज दिसली तरच वापरावे.

गाळातील जीवसृष्टी

खाडीचा काळा गाळ उकरला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असते. गाळात हवा नसते, तेव्हा तेथील जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. लोहाशी त्याचा संयोग होऊन गाळ काळा पडतो. असा गाळ उघड्यावर वाळला की हवेमुळे त्यात आम्ल तयार होऊ शकते. म्हणून खाडीचा काळा गाळ तपासणी केल्याशिवाय शेतात पसरू नये.

याच गाळात तिवर आणि कांदळ वाढतात. त्यांची पाने गळतात, जिवाणू ती कुजवतात. त्यावर खेकडे, कोळंबी आणि किडे जगतात, आणि त्यांच्यावर मासे. आपल्या भागातील नामांकित जिताडा खाडीच्या मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. त्याची पिल्ले वाढीसाठी खाडीत आत येतात. बांधाबाहेरची तिवरे लाटांचा जोर मोडतात आणि गाळ धरून ठेवतात. ती बांधाची ढालच आहे.

परंतु हीच तिवरे बांधाच्या आत आली तर? येथे मी स्पष्ट बोलतो. खांड बुजवली नाही आणि भरतीचे पाणी रोज शेतात येऊ लागले, तर पाण्याबरोबर तिवराचे बी येते. काही वर्षांत शेतात कांदळवन उभे राहते. कांदळवन तोडण्यास कायद्याने बंदी आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही 2005 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये त्याविषयी आदेश दिले आहेत. सातबारावर नाव आपले, पण पीक घेता येत नाही, अशी पाळी अनेक कुटुंबांवर आली आहे. दोष तिवराचा नाही, न्यायालयाचाही नाही. खांड वेळेवर बुजली नाही हे मूळ आहे.

काय करावे?

1. उन्हाळ्यात बांधाची फेरी घालून खेकड्यांची बिळे चिकणमातीने ठासून बुजवावीत. मोठ्या खांडीची सुरुवात पुष्कळदा अशा बिळातूनच होते.
2. पावसाळ्यापूर्वी उघाडीची झडप व तिचे टेकण तपासावे.
3. भात कापल्यावर ओल असतानाच नांगरट करावी किंवा जमीन पेंढ्याने झाकावी. त्यामुळे खालचे क्षार वर चढण्याचे प्रमाण कमी होते.
4. पहिल्या पावसाचे पाणी शेतात साठवून ओहोटीला बाहेर सोडावे. असे दोन-तीन वेळा केल्यावरच चिखलणी करावी.
5. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 यांसारख्या क्षार सहन करणाऱ्या जाती घ्याव्यात. भात रोप अवस्थेत आणि फुलोऱ्यात खारेपणाला सर्वांत नाजूक असते. म्हणून लावणीला थोडी जून रोपे वापरावीत आणि एका चुडात एक-दोन रोपे अधिक ठेवावीत.
6. कोळंबीसाठी खारे पाणी आत घ्यायचे असेल तर आधी शेजाऱ्यांना विचारावे. पाझर बांध ओळखत नाही.

बंधूंनो, पूर्वी गावोगावी जोळ होते. बांधाला माती घालायला प्रत्येक घरातून माणूस येत असे. आज समुद्राची पातळी वाढत आहे. शासनाच्या योजना असल्या तरी रात्रीच्या उधाणाला बांधावर कंदील घेऊन उभा राहतो तो शेतकरीच. एकट्याच्या शेताला वेगळा बांध नसतो. सर्वांचा बांध एकच आहे. येत्या अमावास्येपूर्वी गावातील सर्व खातेदारांनी एकत्र बांधावर जावे, एवढीच माझी विनंती आहे.