धानाच्या दोन परीक्षा

गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरसारख्या गावात हवा आणि पाणी यांच्यातला फरक समजून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. घरात धान असलं की पुरे.

हवेला वजन नसतं, असं आपण धरूनच चालतो. प्रत्यक्षात 10 फूट लांब, रुंद आणि उंच खोलीतली हवा 30 किलोंहून जास्त भरते. धानाच्या कट्ट्यापेक्षा थोडी कमी. तीच खोली पाण्याने भरली, तर वजन 28 टन! पाणी हवेच्या सुमारे 800 पट जड आहे.

हवा इतकी हलकी, म्हणून सुपातून धान वाऱ्यावर सोडलं की ती दाण्याला तोलून धरत नाही, फक्त त्याची वाट अडवते. भरलेला दाणा त्या अडवणुकीला जुमानत नाही, सरळ पायाशी पडतो. फोल मात्र रेंगाळतं आणि वाऱ्याबरोबर पुढे जातं. पण अर्धवट भरलेल्या दाण्याचं काय? तो बऱ्याचदा वाऱ्याला चकवून राशीत येऊन बसतो.

त्याला पकडायचं पाण्याने. पाणी दाण्याला खालून उचलून धरतं. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवलं की ते साध्या पाण्याहून सुमारे 2 टक्के जड होतं. फरक एवढासाच, पण साध्या पाण्यात जेमतेम बुडणारा पोचट दाणा आता वर येतो. मला विचाराल तर हीच परीक्षा जास्त कडक.

रोवणी झाली की मात्र पाण्यातली उणीव दिसते. लिटरभर हवेत 210 मिलिलिटर प्राणवायू असतो. बांधीतल्या कोमट पाण्यात लिटरमागे फार तर 5-6. शिवाय तो पाण्यातून पसरतो हवेपेक्षा जवळपास 10 हजार पट सावकाश. म्हणून पाणी साचलं की तुरीची मुळं गुदमरतात. धानाचं रोप तगतं, कारण त्याच्या पानांपासून मुळांपर्यंत बारीक पोकळ्या असतात आणि त्यांतून हवा थेट चिखलात उतरते. रोप उभं पाण्यात, श्वास वरच्या हवेचा!

तेव्हा यंदा पऱ्हे टाकण्याआधी बियाणं मिठाच्या पाण्यात जरूर घालून पाहा. तरंगलेलं काढून टाका. बुडालेलं स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि सावलीत वाळवा. मीठ राहिलं तर उगवण घटते.