विचारणाऱ्या मुलीला काय सांगावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. सातवीपर्यंत शिकले आणि पुढे चूल सांभाळली. तरी बोलायला उभी राहिले, कारण मनात एक बोच आहे.

मागच्या दिवाळीला माझी भाची पहूरला आली होती. तिच्या घरचे एका बंदिस्त पंथाचे. परक्याच्या हातचे पाणी नाही, दुसऱ्या देवळाची पायरी नाही, गुरूंना प्रश्न तर नाहीच. आजोळी आली तरी तिचा तांब्या वेगळा. करंज्या भरता भरता ती हळूच म्हणाली, “मामी, गुरू सांगतात ते सगळं खरंच असतं का हो?”

मी घाबरले. म्हटले, “असं बोलू नये बाई. सारण संपत आलं बघ.” ती गप्प झाली, ती जाईपर्यंत गप्पच.

त्यानंतर मी वाचनालयातून पंडिता रमाबाईंचे चरित्र आणून वाचले. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, म्हणून लोकांचा रोष झाला. ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथेच रमाबाई जन्मल्या. आई पहाटे उठवून पाठ देई. पण संस्कृतखेरीज दुसरी विद्या नको, बाहेरच्या जगाचे वारे नको, असा घरचा दंडक होता. पुढे हे कुटुंब तीर्थे करीत, पुराण सांगत गावोगाव फिरले. दुष्काळ आला. होते नव्हते ते व्रतांत आणि दानात गेले. थोड्या महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण, तिघेही गेले. उरली दोघे भावंडे.

१८७८ साली ती कलकत्त्याला पोहोचली. तिथे रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. तिथल्या विद्वानांनी सांगितले, बायकांना शास्त्राप्रमाणे त्यांचा धर्म समजावून द्या. त्यासाठी त्या धर्मशास्त्रे वाचू लागल्या, तर काय दिसले? बाकी गोष्टींत ग्रंथांची मते निरनिराळी, पण स्त्रीजात वाईट, एवढ्यावर मात्र एकमत! भगिनींनो, त्यांना शंका आली ती न वाचता नव्हे, वाचून आली.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. ते पुष्कळांना रुचले नाही. तो वाद मला इथे करायचा नाही. मला नवल वाटले ते पुढचे. नव्या धर्मातल्या गुरुभगिनींनी सांगितलेलेही त्यांनी डोळे मिटून मानले नाही. तिथेही विचारले, तिथेही वाद घातला. मग १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. तिथे शिकलेल्या विधवा गोदूबाई १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. प्रश्न विचारणाऱ्या एका बाईमुळे किती जणींना दार उघडले!

आणि हे काही परक्यांचे खूळ नव्हे. तेराव्या शतकात महदाइसा चक्रधरस्वामींना सारखी विचारीत असे. स्वामींनी तिला गप्प बसवले नाही, उलट तिच्या जिज्ञासेचे कौतुक केले. लीळाचरित्रात तिचे प्रश्न आहेत. गुरू प्रश्नाला भीत नव्हते, तर मी मामी कशाला भ्याले?

खरे सांगते, मी पापाला भ्याले नाही. नणंद काय म्हणेल, जाणेयेणे तुटेल, याला भ्याले. ती पोर मात्र त्याहून मोठे भय पोटात घेऊन माझ्यापाशी आली होती. तिला उत्तर नकोच होते. कुणीतरी ऐकायला हवे होते.

यंदा गौरींना तिला बोलावले आहे. पंथ सोड असे मी सांगणार नाही, धर असेही नाही. मी म्हणेन, “बाई, त्या दिवशी माझं चुकलं. मलाही उत्तर ठाऊक नाही. आपण दोघी मिळून वाचू.” आणि तिच्या तांब्याशेजारी हे चरित्र ठेवीन.

तुमच्याही घरी अशी एखादी विचारणारी असेल. तिला सारण दाखवू नका, एवढेच माझे सांगणे.